कानाची भाषा, डोळ्याची भाषा

सोलापूरच्या नव्या पेठेत माणसाचा कान आणि डोळा निरनिराळ्या भाषांत वावरतात. कापडाच्या दुकानात आलेली कुटुंबे आपसांत तेलुगूत किंवा कानडीत बोलतात आणि दुकानदाराशी मराठीत घासाघीस करतात. जवळच कोठे दखनी ऐकू येते, कोठे मारवाडी. पाट्या मात्र बहुतांशी मराठी, देवनागरी अक्षरांतल्या, आणि त्यांच्या जोडीला इंग्रजी. पेठेत वावरणाऱ्या पुष्कळ माणसांची घरात बोलायची भाषा एक आणि वाचायची भाषा दुसरी असते. सोलापूरला याची इतकी सवय झालेली आहे की त्यात काही विशेष आहे असे कुणाला वाटत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र या साध्या गोष्टीपाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. घरात एक भाषा बोलणारा माणूस दुसऱ्या भाषेतले पान समोर घेतो, तेव्हा नेमके काय घडते? तो हळू वाचतो, हे कोणताही शिक्षक सांगेल. परंतु तो हळू का वाचतो, आणि त्या हळूपणावरून आपण त्याच्या बुद्धीविषयी जे अनुमान काढतो ते कितपत खरे, या प्रश्नांना सव्वाशे वर्षांहून जुना असा एक इतिहास आहे. तो इतिहास डोळ्यांच्या हालचालींच्या अभ्यासाचा आहे.

आधी आपल्या भाषेतले काही शब्द पाहू. चांगला वाचणारा मुलगा ‘घडाघडा’ वाचतो. कच्चा मुलगा ‘अडखळत’ वाचतो, ‘अक्षर लावत’ वाचतो. मोठी माणसे एखादा कागद ‘नजरेखालून घालतात’. यांतला शेवटचा प्रयोग डोळ्याचा आहे. आधीचे तिन्ही मुळात तोंडाने वाचण्याचे, म्हणजे दुसऱ्याने कानाने ऐकण्याचे आहेत. शाळातपासणीला आलेले अधिकारी मुलाला उभे करून धडा वाचायला सांगत, आणि त्या आवाजाच्या ओघावरून वाचनाची, आणि वाचनावरून समजुतीची परीक्षा होई. घडाघडा वाचणारा हुशार आणि अडखळणारा मंद, हे समीकरण आपल्या शाळांत इतके मुरले आहे की ते कुणी मांडले आणि कुणी तपासले, हे विचारण्याची गरज भासत नाही. तेलुगू, कानडी किंवा उर्दू घरातून मराठी शाळेत आलेल्या मुलावर या समीकरणाचा भार सर्वांत अधिक पडतो.

वाचताना डोळे कसे फिरतात, याचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. मौजेची गोष्ट अशी की, त्याचा पहिला पुरावा डोळ्याने दिसला नाही, कानाने ऐकू आला. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी १८७९ साली पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून डोळ्यांच्या स्नायूंचे आवाज ऐकले. वाचताना ते आवाज तुटक तुटक येत होते. म्हणजे डोळा ओळीवरून सलग सरकत नव्हता, टप्प्याटप्प्याने उड्या घेत होता. त्याच सुमारास पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल वाचनाच्या शरीरक्रियेवर लिहीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील लामार यांनी १८९२ मध्ये याच रीतीने, डोळ्याच्या प्रत्येक उडीचा आवाज ऐकून, एका ओळीत किती उड्या होतात हे मोजले. पुढे अमेरिकेत एडमंड बर्क ह्यूई यांनी डोळा बधिर करून बुबुळावर प्लास्टरची बारीक वाटी बसवली आणि तिला जोडलेल्या हलक्या काडीने डोळ्याची हालचाल काजळी धरलेल्या कागदावर उमटवली. वाचनाच्या मानसशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९०८ सालचा. हा छळ फार काळ करावा लागला नाही. रेमंड डॉज आणि क्लाइन यांनी १९०१ मध्ये डोळ्यावरून परावर्तित होणारा प्रकाश सरकत्या छायाचित्रपट्टीवर टिपण्याची युक्ती काढली, आणि डोळ्याला हात न लावता त्याचे चालणे पाहता येऊ लागले.

या सर्व खटाटोपातून जे कळले त्याचा सारांश असा. डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग झेप घेतो, पुन्हा थांबतो. जे काही वाचले जाते ते त्या थांब्यात. झेपेच्या क्षणी आपण जवळजवळ काही टिपत नाही. इंग्रजी वाचणाऱ्या प्रवीण प्रौढाची झेप सरासरी सात ते नऊ अक्षरांची असते, आणि शंभरातल्या दहा-पंधरा झेपा मागे वळणाऱ्या असतात. छोटे आणि ओळखीचे शब्द डोळा पुष्कळदा गाळूनच पुढे जातो. आपणांस सलग वाटणारे वाचन हे असे थांब्यांचे आणि माघारींचे बनलेले असते. म्हणजे तोंडाने घडाघडा वाचणाऱ्याचा डोळादेखील अडखळतच चाललेला असतो. फरक असतो तो त्या अडखळण्याच्या मापात.

दुसऱ्या भाषेच्या वाचनाला हे माप प्रथम पद्धतशीर लावले ते शिकागोच्या गाय बसवेल यांनी. अमेरिकी शाळा-महाविद्यालयांत फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नजरेची छायाचित्रे घेऊन त्यांनी १९२७ साली आपला अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्या काळी तिकडे परभाषा शिकवण्याच्या पद्धतींवर वाद चालू होता: व्याकरण आणि भाषांतर यांच्या वाटेने जावे की ती भाषा थेट तिच्यातूनच शिकवावी. या वादात मते पुष्कळ होती, पुरावा थोडा होता. बसवेल यांनी छायाचित्रातून निघणारे थांबे आणि माघारी मोजून पाहण्याचा मार्ग दाखवला. विद्यार्थी परकी भाषा खरोखर वाचतो आहे, की शब्दाशब्दाला थांबून मनात तिचे भाषांतर करतो आहे, या प्रश्नाला हात घालण्याचे एक साधन शिक्षकांच्या हाती आले. आपल्याकडे इंग्रजीच्या तासाला प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ सांगत जाण्याची जी प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिच्याकडे या दृष्टीने पाहिले तर पुष्कळ काही ध्यानात येईल.

मात्र बसवेल यांच्या विद्यार्थ्यांचा डोळा ज्या पानावर फिरत होता ते पान छापील होते, त्यातले शब्द सुटे होते आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम होता. असे पान ही काही निसर्गदत्त वस्तू नव्हे. मराठीत ते कसे घडले, हे पाहणे आपल्या विषयाला सोडून होणार नाही. जुन्या पोथ्यांत बाळबोध अक्षरे सलग लिहीत. शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचे. ‘पोथी लावणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला असावा. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा रिवाज नव्हता. पेढीवरच्या वह्या, पत्रे, कज्जेदलालीचे कागद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या लिपीत राहिले. युरोपातही जुनी हस्तलिखिते अशीच सलग असत, आणि शब्द सुटे लिहिण्याचा प्रघात पडल्यावर मूकवाचन वाढले, असे पॉल सेंगर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. प्रयोगशाळेची साक्षही त्याच बाजूची आहे: इंग्रजी मजकुरातल्या शब्दांमधली जागा काढून टाकली की वाचनाचा वेग ठळकपणे उतरतो.

मराठी पानावर विरामचिन्हे आणण्याचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. विरामचिन्हांवरची त्यांची पुस्तिका १८५० ची आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामात सहभागी असलेले आणि शालेय पुस्तकांची मराठी तपासणारे कँडी जन्माने इंग्रज होते. मराठी वाचकाचा डोळा वाक्यात कोठे क्षणभर थांबावा आणि कोठे पुरता थांबावा, याचे नियम ज्याने घालून दिले त्याच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा होती. कँडींच्या मराठीवर, तिच्या भाषांतरी वळणावर पुढे टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. तरीही ही एक नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. ज्याला भाषा कानाने आपसूक मिळालेली नसते, त्याला पानावर खुणांची गरज अधिक भासते. आणि त्याच्या गरजेपोटी आलेल्या खुणा नंतर सर्वांच्याच सोयीच्या होतात.

पोथीच्या जगाची दुसरी बाजू अशी की तेथे वाचणारा एक असे आणि ऐकणारे अनेक. पारायणाला, पुराणाला, कीर्तनाला बसलेल्या माणसाच्या घरची भाषा तेलुगू असली तरी त्याचे फारसे अडत नसे. आवाजाचा चढउतार, वाचणाऱ्याचे थांबणे, मध्येच दिलेला दाखला, शेजारच्याचा हुंकार हे सारे त्याच्या मदतीला येई. पंढरपूर याच जिल्ह्यातले. तेथे येणाऱ्या वारकऱ्यांत कानडी मुलखातले भाविक पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि मराठी अभंग त्यांच्या तोंडी आहेत. छापील पुस्तक, शाळा आणि मूकवाचन यांनी हा आधार काढून घेतला. वाचणारा पानासमोर एकटा पडला, आणि त्याचा डोळा किती वेगाने चालतो याला महत्त्व आले. दुसऱ्या भाषेतल्या वाचकाचा हळूपणा ज्याला आज आपण दोष समजतो, तो या बदलानंतर दिसू लागलेला आहे.

आता पुन्हा प्रयोगशाळेकडे वळू. १९७५ मध्ये जॉर्ज मॅक्कॉन्की आणि कीथ रेनर यांनी संगणकाच्या पडद्यावर नजरेबरोबर सरकणारी एक खिडकी तयार केली. वाचकाची नजर जेथे असेल तेवढ्याच भागातली अक्षरे खरी दिसत, बाकीच्या ठिकाणी निरर्थक अक्षरे. खिडकी लहानमोठी करून एका थांब्यात वाचक किती मजकूर उपयोगात आणतो, हे त्यामुळे ठरवता आले. इंग्रजीत नजर जेथे टेकली त्याच्या डावीकडची तीन-चार अक्षरे आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे उपयोगी पडतात. डोळा उजवीकडे, म्हणजे पुढे येणाऱ्या मजकुराकडे अधिक पाहतो. मग उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत काय होत असेल? पोलात्सेक, रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या माणसांना बसवून पाहिले. तीच माणसे हिब्रू वाचताना डावीकडे अधिक पाहत आणि इंग्रजी वाचताना उजवीकडे. २०१४ साली केव्हिन पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी उर्दू-इंग्रजी वाचकांवर केलेल्या अभ्यासातही हेच दिसले.

सोलापुरात विणकरीसाठी आलेल्या मोमिनांच्या आणि इतर मुसलमान घरांतून उर्दू शिकून पुढे मराठी वाचणारी मुले आहेत. वरील प्रयोगांचा अर्थ त्यांच्या संदर्भात लावला तर तो असा होतो: पुस्तक बदलताच त्यांच्या लक्षाची दिशा फिरते, आणि हे त्यांना स्वतःलाही कळत नाही. कोणत्याही शाळेने हे कौशल्य कधी शिकवलेले नाही, कोणत्याही प्रगतिपुस्तकात त्याला गुण नाहीत. उर्दू शाळेतून मराठी वर्गात आलेल्या मुलाच्या अडखळण्याची नोंद मात्र होते.

दुसऱ्या भाषेतील वाचनाचा आजवरचा एक विस्तृत अभ्यास बेल्जियममधील गेंट येथे झाला. तेथील संशोधकांनी डच मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी चांगले येणाऱ्या विद्यार्थ्यांना ॲगाथा ख्रिस्तीची एक संपूर्ण कादंबरी वाचायला दिली. अर्धी डचमध्ये आणि अर्धी इंग्रजीत. सुटी वाक्ये देण्याची जुनी पद्धत सोडून खरे पुस्तक दिले, हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इंग्रजीत वाचताना त्यांना वाक्याला सुमारे २० टक्के अधिक वेळ लागला, थांबे सुमारे २१ टक्क्यांनी वाढले, झेप सुमारे १२ टक्क्यांनी आखूड झाली, आणि शब्द गाळून पुढे जाणे कमी झाले. ही चाल वाचायला शिकत असलेल्या लहान मुलांच्या चालीसारखी आहे, असे संशोधकांनी नमूद केले. या तुलनेकडे लक्ष दिले पाहिजे. दुसऱ्या भाषेत वाचताना प्रौढ विद्यार्थ्याचा डोळा मुलासारखा चालतो. बुद्धी प्रौढाचीच असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र डोळ्याची चाल तेवढी दिसते, किंवा तोंडाने वाचायला लावले तर ऐकू येते.

याच गेंट विद्यापीठातील दुसरा एक अभ्यास २०१८ चा आहे आणि तो परीक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांना मातृभाषेत आणि इंग्रजीत उतारे अभ्यासाला देऊन नंतर दोन प्रकारे परीक्षा घेतली. चूक की बरोबर अशा प्रश्नांत दोन्ही भाषांतल्या गुणांत फरक पडला नाही. जे आठवते ते स्वतःच्या शब्दांत लिहा, असे सांगितल्यावर मात्र इंग्रजीत अभ्यास केलेले मागे पडले. म्हणजे त्यांना समजले होते, लक्षातही राहिले होते. त्या भाषेत ते बाहेर काढून मांडणे जड गेले. आपल्या साहित्याच्या परीक्षा जवळजवळ सर्वस्वी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. रसग्रहणाच्या उत्तरात कमी पडलेले गुण हे रसग्रहणातले उणेपण दाखवतात की लेखनातली अडचण, हा प्रश्न तेलुगूभाषक मुलाची उत्तरपत्रिका तपासताना आपल्यासमोर असायला हवा.

हळूपणाचे कारण काय? पूर्वी असे मानले जाई की दोन भाषा एकाच डोक्यात राहिल्याने एकमेकींच्या पायात पाय अडकवतात. हा अडथळा काही अंशी असतोही. परंतु तमार गोलान, रेनर आणि इतरांनी २०११ मध्ये मांडलेले कारण फार साधे आहे. एखादा शब्द डोळ्याखालून जितक्या वेळा गेलेला असतो तितका तो लवकर ओळखू येतो. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाचा दिवस मात्र चोवीस तासांचाच. त्यामुळे प्रत्येक भाषेच्या वाट्याला कमी वेळ येतो आणि प्रत्येक शब्द त्याला तुलनेने कमी वेळा भेटलेला असतो. हळूपणा हा या कमी भेटींचा हिशेब आहे. माँट्रियलच्या फ्रेंच-इंग्रजी वाचकांवर व्हिटफर्ड आणि टायटोन यांनी २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासातून याची दुसरी बाजूही पुढे आली: जे दुसऱ्या भाषेत अधिक वावरतात त्यांची दुसऱ्या भाषेतली अडचण घटते, परंतु पहिल्या भाषेतले कमी वापरातले शब्द ओळखायला त्यांना थोडा अधिक वेळ लागू लागतो. दुसरी भाषा डोळ्याच्या सवयीची होते तेव्हा पहिलीची सवय थोडी सुटते.

येथवर आलेल्या सर्व अभ्यासांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. त्यांच्या वाचकाला पहिली भाषा वाचता येते. गेंटचा विद्यार्थी डच वाचतो, म्हणून त्याच्या इंग्रजीची डचशी तुलना करता येते. सोलापुरात हे गृहीत टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने येथे आले. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीने आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्यांनी, हातमागांनी आणि यंत्रमागांनी शहराचा पूर्व भाग वसवला. या घरांत तेलुगू आजही बोलली जाते. परंतु मराठी माध्यमात शिकलेल्या कित्येकांना तेलुगू लिपी येत नाही. आजीशी ते तेलुगूत बोलतील, लग्नाची गाणी तेलुगूत म्हणतील. वर्तमानपत्र मराठीच वाचतील. त्यांच्या कानाची पहिली भाषा तेलुगू आणि डोळ्याची पहिली भाषा मराठी आहे. मग मराठी ही त्यांची दुसरी भाषा म्हणायची की पहिली? प्रयोगशाळेच्या तक्त्यात या माणसाला रकाना नाही.

ही स्थिती केवळ अलीकडची आहे असेही नाही. सोलापूरचे ग्रामदैवत झालेले बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर यांची वचने कानडीत आहेत. ज्यांच्या यात्रेत दरवर्षी संक्रांतीला सारे शहर नंदीध्वजांमागून चालते, त्यांचे शब्द मूळ रूपात वाचता येणारे त्या गर्दीत थोडे असतात. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. तो उजेडात आणणारे सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी या परिसरातले कानडी आणि संस्कृत लेखही शोधले, कारण येथल्या भूमीत ते एकमेकांशेजारीच आहेत. त्या लेखातल्या मराठी वाक्याचा अर्थ, जो वाचील तो विजयी होईल, असा लावला जातो. हजार वर्षांपूर्वी, जेथे कानडी आणि मराठी दोन्ही कानांवर पडत होत्या अशा जागी, दगडावर वाचकाला उद्देशून हा आशीर्वाद कोरला गेला.

१९५६ मध्ये राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी असाव्यात, असे ते सांगते. सोलापुरात उर्दू, कानडी आणि तेलुगू माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालत आल्या त्या याच धोरणाला धरून. तरी मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हे आईबाप पोटापाण्याचा विचार करून ठरवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. घरची भाषा कानापुरती उरते ती या हिशेबातून. याच्या उलट वाटेने गेलेली माणसेही येथे झाली. तेलुगू घरात वाढून मराठीत कविता लिहिणारे आणि तेलुगूतील साहित्य मराठीत आणणारे लक्ष्मीनारायण बोल्ली सोलापूरचेच. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘एका साळियाने’ असे नाव दिले. दोन्ही भाषा कानाच्या आणि डोळ्याच्या असल्या म्हणजे काय साधते, याचे ते उदाहरण आहे. आणि अशी उदाहरणे थोडी का, हाही प्रश्न त्यातच आहे.

भारतीय भाषांच्या बाबतीत या विषयाचा अभ्यास उशिरा सुरू झाला, पण झाला आहे. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये देवनागरीतल्या पहिल्या वेलांटीचा प्रश्न तपासला. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी लिहिली जाते आणि उच्चारली जाते नंतर. अशा शब्दांना वाचकाला थोडा अधिक वेळ लागतो, असे त्यांना हिंदी वाचकांत आढळले. कानडी आणि तेलुगू लिपींत इकार व्यंजनाच्या डोक्यावर बसतो, त्याच्या आधी येत नाही. तेव्हा त्या लिपींतून देवनागरीत येणाऱ्या मुलासमोर ही एक नवीच अडचण उभी राहते. समर हुसेन, श्रवण वसिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी २०१५ मध्ये हिंदी वाक्ये वाचणाऱ्यांच्या नजरेचा संग्रह अभ्यासून क्रियापद शेवटी येणाऱ्या वाक्यरचनेचा विचार केला. मराठीची रचनाही तशीच आहे. मुंबईच्या आयआयटीत अभिजित मिश्रा आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी वाचकांच्या आणि भाषांतरकारांच्या नजरेवरून मजकुराची काठिण्यपातळी ओळखण्याचे काम केले. त्यांचा ग्रंथ २०१८ चा. जगातील अनेक भाषांच्या वाचनाची तुलना करणारा ‘मेको’ हा मोठा संग्रह २०२२ मध्ये तेरा भाषा घेऊन पुढे आला, तेव्हा त्यांत भारतातली एकही भाषा नव्हती. सोलापुरात २००४ पासून विद्यापीठ आहे. चार भाषा आणि तीन-चार लिप्या एका शहरात हाताशी असलेली अशी जागा संशोधकाला सहसा मिळत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हळू वाचणे हाच काही गुण आहे, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक अक्षरावर थांबणारे मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत आरंभ विसरते. त्याला अर्थाची गोडी लागत नाही आणि ते पुस्तक मिटून ठेवते. अशा मुलाला भरपूर वाचायला मिळणे, तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटणे, हाच उपाय आहे आणि वरचे संशोधन त्याचीच पुष्टी करते. आमचे म्हणणे एवढेच की हळूपणाचे कारण शब्दांशी झालेल्या कमी भेटींत असताना ते बुद्धीत शोधू नये. प्रवीण वाचकाचा डोळा जे शब्द गाळून जातो त्यांवर दुसऱ्या भाषेतला वाचक थांबतो, हे मोजून सिद्ध झालेले आहे. कवितेच्या वर्गात आपण ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा करतो, म्हणजे प्रत्येक शब्दापाशी थांबा, ती त्याच्याकडून निरुपायाने का होईना होत असते. शिक्षकाने त्या थांब्याचा उपयोग करून घ्यायचा की त्याबद्दल त्याला खाली बसवायचे, एवढाच निवडीचा प्रश्न उरतो.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. कविता शिकवण्यापूर्वी शिक्षकाने ती स्वतः मोठ्याने वाचावी, म्हणजे ज्याचा कान तयार आहे त्याच्या डोळ्याला आधार मिळेल. उताऱ्यावरील प्रश्नांना वेळ थोडा सढळ ठेवावा. गेंटच्या आकड्यांवरून तो पाचव्या हिश्शाने वाढवला तरी पुष्कळांचे काम भागेल. मुलाला काय समजले हे एकदा तरी त्याच्या घरच्या भाषेत सांगू द्यावे, वर्गातले दुसरे कोणी ते मराठीत आणील. आणि वर्गात कोण घरी काय बोलते, कोणती लिपी वाचते, याची एक यादी वर्षाच्या आरंभी करावी. हजेरीपटावरच्या आडनावांवरून हे कळते असे आपल्याला वाटते, पण आडनाव लिपी सांगत नाही. ते विचारावे लागते.